तीन डाव्या झडपा

मंगळवार, सकाळचे साडेदहा. शनिवार पेठेतल्या एका सोसायटीचं पार्किंग. फरशीवर कालचं वर्तमानपत्र अंथरलेलं. त्यावर एका जुन्या मोटारीच्या बॉनेटच्या तीन झडपा ओळीनं मांडलेल्या. एक जुनी, दोन नव्या. तिन्ही डाव्या. मोटारीला हवी आहे उजवी.

भोवती तीन पुरुष उभे. त्यांतला एकही दुसऱ्याकडे बघत नाही. तिघंही बघताहेत माझ्याकडे.

"साचाच चुकीचा निघाला," मोटारीच्या घरचे बद्रीनाथराव देवकुळे म्हणाले.

"साचाच म्हणा जी," सुतार सुखदेव म्हणाला.

"साचा चुकला तर पत्रा बिचारा काय करणार?" पत्र्याचं काम करणारे दादामियाँ म्हणाले.

या तिघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालेलं मी प्रथमच पाहत होतो, आणि ते माझ्याविरुद्ध झालं होतं.

मीच तो साचा. हातभर रुंद, त्याहून थोडा लांब, दोन बोटं जाड असा सागवानी ठोकळा. आरोपीला बाजू मांडायची संधी देतात म्हणे. मला कोणी दिली नाही. म्हणून मी ती घेतो आहे. सगळं सांगतो, नावांसकट.

साचा होण्याआधी मी एका कचेरीचं काउंटर होतो. कुठल्या, ते विचारू नका. सगळ्या कचेऱ्यांना ते आपलंच वर्णन वाटेल. लोक माझ्यावर कोपर टेकून उभे राहत आणि पलीकडून त्यांना उद्या यायला सांगितलं जाई. दुसऱ्या दिवशी तेच कोपर परत येत. नकार मिळाला तर माणूस भांडतो, पण 'उद्या' मिळाला तर घरी जाऊन जेवतो, हे मी तिथे शिकलो. मग कचेरीत काचेचं काउंटर आलं आणि मी लाकडाच्या वखारीत. काचेपलीकडूनही उद्याच यायला सांगतात, असं ऐकतो.

वखारीतून मला सुखदेवनं उचललं. सुखदेव मूळचा वर्ध्याकडचा. येरवड्यात त्याचं सुतारकामाचं छोटं दुकान. हात चांगला. स्वभावाबद्दल पुढे बोलूच.

आता मोटारीबद्दल. ती काळी मोटार विमलाबाईंच्या वडिलांची, म्हणजे बद्रीनाथरावांच्या सासऱ्यांची. विमलाबाई लग्नाआधी तिच्यावरच गाडी शिकल्या. बद्रीनाथराव गाडी शिकलेच नाहीत. ते शेजारच्या सीटवर बसतात आणि गिअर कधी बदलायचा ते सांगतात. विमलाबाई टेलिफोन खात्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्या, म्हणजे कानावर पडलेलं सगळंच ऐकायचं नसतं याचा त्यांना जन्मभराचा सराव आहे.

विमलाबाईंची धाकटी बहीण यमुनाबाई हडपसरच्या पुढे, मांजरी गावात राहते. वडिलांची गाडी थोरलीकडे गेली हे तिनं कधी मनातून स्वीकारलं नाही. दर दिवाळीला तिचं एकच वाक्य असे, "आप्पांची गाडी ताईकडे गेली आणि कुंडीसारखी एका जागी बसली." खोटंही नव्हतं ते. गाडीची कागदपत्रं नीट, इंजिन नीट, पण ती पार्किंगच्या बाहेर फारशी कधी पडलीच नाही. कधी बद्रीनाथरावांना हवा बरोबर वाटत नसे, कधी रस्ता खोदलेला असे. पुण्यात रस्ता खोदलेला आहे हे कारण कधी संपत नाही.

मग यंदा विमलाबाईंच्या वाहन परवान्याची मुदत संपत आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, आत्ता ठीक आहे, पण पुढच्या दाखल्यावर मी सही करणार नाही. म्हणजे या महिन्याच्या अखेरीनंतर विमलाबाई कायद्यानं चालक राहणार नव्हत्या. त्यांनी जेवताना जाहीर केलं, "महिना संपायच्या आत आप्पांची गाडी मी स्वतः चालवत यमुनेच्या दारात नेणार आहे. एकदाच."

बद्रीनाथराव आमटी ओतून घेत होते. ते म्हणाले, "अगं, पण उजवी झडप?"

जुन्या मोटारीचं बॉनेट मधून दुभंगून वर उघडतं आणि इंजिनाच्या दोन्ही अंगांना पत्र्याची एकेक सुटी झडप असते. उजवी झडप गंजून तिची चाळण झाली होती. बद्रीनाथरावांनी ती परस्पर भंगारात देऊन टाकली होती. डावी आहे ना, मग तिचं उलट म्हणजे उजवी, त्यात काय जपून ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. आता ठरलं ते असं, की उजवी झडप नवी करून घ्यायची, ती बसली की गाडी काढायची. महिना संपायला तीन आठवडे होते. काम चार दिवसांचं.

बद्रीनाथराव कामाला लागले. त्यांनी डाव्या झडपेवर पातळ कागद ठेवून आकार उतरवला, कागद उलटा केला आणि तो उलटा आकार पुठ्ठ्यावर गिरवून कापला. अगदी बरोबर. पुठ्ठा उजव्या झडपेचा झाला. फक्त त्यावर 'उजवी' असं त्यांनी लिहिलं नाही. विमलाबाईंनी सुचवलं होतं. ते म्हणाले, "ज्याला कळतं त्याला लिहून द्यावं लागत नाही."

पुठ्ठा येरवड्याला गेला. सुखदेवनं तो उचलून पाहिला आणि मनाशी हसला. त्याचा अनुभव असा, की गिऱ्हाईक कधी आकार उलटा करून आणत नाही. ते सुतारालाच करावं लागतं. म्हणून त्यानं पुठ्ठा उलटा करून माझ्यावर ठेवला आणि पेन्सिल फिरवली. दोनदा उलटं केलं की सुलटं होतं, हे सांगायला गणिताची पदवी लागत नाही. पण त्याला विचारायला हवं होतं ना एकदा, की साहेब, हा उलटा केलेला आहे का?

विचारलं नाही, कारण आदल्या दिवशी त्यानं एक प्रश्न विचारून पाहिला होता. फोनवर. कोपरा गोल ठेवायचा की चौकोनी? बद्रीनाथराव म्हणाले, "पुठ्ठ्यावर दिसतोय ना?" आणि फोन ठेवला. तेव्हापासून सुखदेवनं शनिवार पेठेला प्रश्न विचारणं बंद केलं. "मले नाही ऐकून घ्यायचं," तो करवतीला म्हणाला.

माझं घडणं मात्र सुंदर झालं, हे कबूल करतो. आधी रंधा मारला, तेव्हा माझ्या अंगावरचे कचेरीतल्या कोपरांचे डाग गेले. मग आकारात करवतलं. वर पत्र्याची जाडी चढणार, म्हणून मला केसभर लहान ठेवलं. माझ्या एका बाजूची कड कानशीनं गोल केली, म्हणजे पत्रा तिथून वळताना फाटणार नाही. तो माझा चेहरा. आणि कडा पाठीकडे किंचित आत उतरत्या ठेवल्या, कारण वाकवलेला पत्रा हट्टी असतो, सोडला की थोडा परत उसळतो. त्याला जरा जास्त वाकवावंच लागतं. पाठ तशीच सपाट, बिनकामाची म्हणून सोडून दिली. तिच्याकडे पुढे कोणी ढुंकून बघितलं नाही.

तिथून मी भवानी पेठेत दादामियाँकडे. चार पिढ्यांचं पुण्यातलं घराणं, पत्र्याचं काम. दादामियाँचे वडील सांगून गेले होते म्हणे, की काम होईपर्यंत गाडी बघायची नाही. गाडी बघितली की हात गाडीचा होतो, साच्याचा राहत नाही. वडिलांचा हा नियम दादामियाँ इतका पाळतात, की एकदा त्यांनी एका टेम्पोला रिक्षाचं दार करून दिलं होतं. ही गोष्ट ते स्वतः अभिमानानं सांगतात, कारण दार उत्तम झालं होतं.

माझ्या चेहऱ्यावर पत्रा, पत्र्यावर दुसरी फळी, तिन्ही शिकंज्यात घट्ट. बाहेर उरलेला पत्र्याचा काठ लाकडी मोगरीनं हळूहळू खाली वळवायचा. एका ठिकाणी जोरात नाही. सगळीकडून थोडं थोडं, फिरत फिरत. कोपऱ्यावर पत्रा सुरकुततो, तिथे समजूत काढल्यासारखं ठोकायचं. अंगावर मार बसत असताना मजा आली असं म्हणणं बरं दिसत नाही, पण आली. झडप सुटून आली तेव्हा दादामियाँ तिच्यावरून तळवा फिरवत म्हणाले, "माशाल्ला. आता गाडी कुठली का असेना."

गाडी उजव्या बाजूनं उघडी होती आणि झडप होती डावी.

पहिली झडप आली त्या दिवशी कोणी भांडलं नाही, हीच खरी गडबड. भांडले असते तर उलगडा झाला असता. बद्रीनाथरावांनी झडप हातात उलटसुलट फिरवली आणि त्यांना उमगलं, की सुताराकडे आकार उलटा होतो. मग या वेळी त्यांनी पुठ्ठा सरळ, डाव्या झडपेचाच कापला, म्हणजे सुतार उलटा करेल आणि उजवी मिळेल. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. तिकडे सुखदेवला निरोप गेला, साचा उलटा झालाय. त्याला उमगलं, की या माणसाकडून पुठ्ठा आधीच उलटा होऊन येतो. मग या वेळी त्यानं तो आला तसाच ठेवला. त्यानंही कोणाला सांगितलं नाही. दोघांनीही आपली चूक सुधारली आणि दुसऱ्याला कळू दिलं नाही. दुसरा साचा, त्याच काउंटरच्या उरलेल्या लाकडातला माझा धाकटा भाऊ, हुबेहूब माझ्यासारखा झाला.

दादामियाँकडे आम्ही दोघं शेजारी शेजारी पडलो होतो. त्यांना दिसत नव्हतं का? दिसत होतं. ते शेजारच्या दुकानदाराला म्हणालेही, "एकसारखे दोन साचे. मोठ्या लोकांचं काही सांगता येत नाही, जोडी लागत असेल." आणि मोगरी उचलली.

अशा रीतीनं आपण मंगळवारी साडेदहाला पार्किंगमध्ये येतो. महिना शुक्रवारी संपतो आहे.

तिघांनी साच्याला दोषी ठरवलं. वातावरण एकदम हलकं झालं. सुखदेवनं तंबाखू मळायला घेतली. बद्रीनाथराव म्हणाले, आता घाई करण्यात अर्थ नाही, पुढच्या आठवड्यात शांतपणे तिसरा साचा करू. दादामियाँ म्हणाले, घाईचं काम सैतानाचं. मला माझी जुनी कचेरी आठवली. तिथेही हे असंच, चहा घेताना ठरायचं.

विमलाबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. पुढचा आठवडा म्हणजे पुढचा महिना, हे तिथे त्यांना एकट्यांनाच कळलं होतं. त्या पायरी उतरल्या. सरळ गाडीपाशी आल्या. दारापाशी मी आडवा पडलो होतो. गाडीत जाऊन बसायचं असावं त्यांना, निदान बसायचं तरी. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं, कुठे ठेवावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि बॉनेटच्या उघड्या उजव्या बाजूला टेकवून दिलं. पाठ बाहेर, चेहरा इंजिनाकडे.

मी त्या जागेत बसलो. वर फट नाही, खाली फट नाही.

विमलाबाईंनी दाराला हात घातला होता तो काढला. माझ्याकडे पाहिलं. पुढून पाहिलं, वाकून बाजूनं पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "अहो, हा उजव्या बाजूलाही बसतोय की. पाठीकडून."

तिघं आले. दादामियाँनी माझ्या पाठीवरून अंगठा फिरवला. सुखदेवनं तंबाखू तशीच हातात धरली. माझ्याच पाठीवर पत्रा ठेवून ठोकला असता तर पहिल्याच आठवड्यात उजवी झडप तयार होती. पाठीकडची कड तेवढी गोल करायची आणि उतार उलट द्यायचा. दुसरा साचा नको, पुठ्ठा नको, काही नको. डाव्या साच्याची पाठ म्हणजेच उजवा साचा.

"मी हेच म्हणणार होतो," बद्रीनाथराव म्हणाले.

"माझ्या डोक्यात कालच आलं होतं जी," सुखदेव म्हणाला.

"अब्बा असंच करायचे," दादामियाँ म्हणाले.

"करा मग," विमलाबाई म्हणाल्या.

सुखदेवनं तिथेच, उपड्या बादलीवर बसून, कानस चालवली. मी थोडा बारीक झालो. आता मी डावी झडप करू शकत नाही. पण डाव्या तीन आहेत, त्या बाबतीत शहराला तूर्त चिंता नाही. माझ्या धाकट्या भावाला सुखदेव परत घेऊन गेला आणि त्याला चार पाय लावले. त्याचा आता देव्हाऱ्यासमोरचा पाट झाला आहे. आमच्यात बढती त्यालाच मिळाली.

गुरुवारी संध्याकाळी झडप आली. उजवी. तिला तांबडा प्राथमिक रंग दिलेला होता, काळा अजून द्यायचा होता. शुक्रवारी सकाळी बद्रीनाथराव म्हणाले, एवढं केलंय तर काळा रंग मारूनच निघू, उद्या. विमलाबाई आधीच गाडीत बसल्या होत्या आणि इंजिन सुरू होतं. बद्रीनाथरावांना दोनच मार्ग उरले. ते शेजारी बसले. मला मागच्या सीटवर टाकलं होतं. गाडीच्या हँडब्रेकवर कोणाचा भरवसा नव्हता, म्हणून थांबल्यावर चाकाला अडसर म्हणून मी. साचा म्हणून माझी किंमत एवढी वाढली होती.

तर प्रवासाचा साक्षीदार मी आहे. विमलाबाई छान चालवतात. पेठेतून बाहेर पडताना एका रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून शिवी द्यायला तोंड उघडलं आणि गाडी बघून मिटलं. कॅम्पात एक दुचाकीवाला तरुण शेजारून म्हणाला, "आजी, एकदम क्लासिक आहे." आजी या शब्दावर विमलाबाईंनी त्याला मागे टाकलं. बद्रीनाथरावांनी मात्र सबंध रस्ताभर एकदाही गिअर कधी बदलायचा ते सांगितलं नाही. मी मागून पाहत होतो. त्यांनी डाव्या हातानं दाराची मूठ धरली होती, उजव्या हातानं सीटची कड, आणि प्रत्येक सिग्नलला डोळे मिटत होते.

हडपसरला गाडी तापली. विमलाबाईंनी ती रस्त्याच्या कडेला घेतली, मला चाकाखाली सरकवलं, बॉनेट उघडलं आणि दोन्ही झडपा काढून मागच्या सीटवर ठेवल्या. थोडा वेळ जाऊ दिला, पाणी घातलं. मग मलाही झडपांच्या शेजारी टाकलं आणि निघाल्या. दोन्ही बाजूंनी इंजिनाला वारा लागत होता. गाडी जी पळायला लागली ती मांजरीपर्यंत थांबली नाही. वाटेत बघणारे पुष्कळ होते. झडपा कुठे आहेत, असं कोणी विचारलं नाही.

मांजरीला उसाच्या कडेला नव्या इमारती उठल्या आहेत, त्यांतल्या एकीच्या फाटकापाशी यमुनाबाई उभ्या होत्या. टोमणा तयार असणार, चेहऱ्यावर दिसत होता. पण गाडी समोर येऊन थांबली, विमलाबाई स्वतःच्या हातानं दार उघडून उतरल्या, आणि यमुनाबाईंना तो आठवेना. त्या बॉनेटला हात लावून उभ्या राहिल्या. "गरम आहे," एवढंच म्हणाल्या, आणि हात काही काढला नाही.

मग त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. "ताई, झडपा कुठेत गं? फोनवर तीन आठवडे झडपा झडपा चाललं होतं."

"मागे टाकल्यात. गाडी तापत होती."

"म्हणजे तू त्यांच्याशिवाय आलीस?"

"हडपसरपासून."

दोघी बहिणी एकदम बद्रीनाथरावांकडे वळल्या. ते पाय मोकळे करत होते.

"अहो," विमलाबाई म्हणाल्या, "झडप नसली तरी गाडी चालते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, ते कुणालाही माहीत असतं. झडप काय चाकाला जोडलेली असते?"

"मग तीन आठवडे गाडी उभी का होती?"

बद्रीनाथराव उसाकडे बघू लागले. मग त्यांनी रखवालदाराला बोलावून विचारलं, यंदा एकरी किती टन पडतो.

दिवस मावळायच्या आत विमलाबाईंनी गाडी परत शनिवार पेठेत नेली आणि त्यांचा परवाना संपला. निघायच्या गडबडीत मला चाकाखालून काढून फाटकापाशी ठेवलं ते ठेवलंच. सध्या मी यमुनाबाईंच्या गॅलरीत कोरफडीच्या कुंडीखाली आहे. पाणी झिरपतं, पाठीवर डाग पडताहेत. न्या मला परत, असं मी म्हणत नाही. कुंडी सांभाळणं वाईट नाही, ती उद्या या म्हणत नाही. माझी मागणी लहान आहे. त्या तिघांपैकी एकानं, कोणीही, चारचौघांत एकदा म्हणावं, की साचा चुकला नव्हता.

विमलाबाई रोज संध्याकाळी बहिणीला फोन करतात. यमुनाबाई गॅलरीत येऊन बोलतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. आधी गाडीचं बोलणं होतं, मग गुडघ्यांचं, मग स्वयंपाकाचं. शेवटी यमुनाबाई आवाज खाली आणून विचारतात, "काही बोलले का? गाडी का उभी होती ते?"

कालही विचारलं. बद्रीनाथराव अजून काही बोललेले नाहीत.